सही करण्याआधी शेडमध्ये जा

‘मी एमबीबीएस आहे. शिरोली एमआयडीसीला लागून असलेल्या गावात सहा वर्षं दवाखाना चालवते. निम्मे पेशंट फौंड्रीतले, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यांतले. गेल्या महिन्यात एका फौंड्रीच्या मालकांनी बोलावून घेतलं. त्यांच्याकडे कायम आणि ठेक्यावरचे मिळून 140 कामगार आहेत. “फॅक्टरी मेडिकल ऑफिसर म्हणून या, आठवड्यातून दोनदा तासभर बसा, वर्षातून एकदा सगळ्यांचे फिटनेसचे फॉर्म भरून द्या,” असं ते म्हणाले. त्यासाठी एएफआयएच नावाचा तीन महिन्यांचा कोर्स लागतो, असं त्यांच्या सेफ्टी ऑफिसरनी सांगितलं. वर “घाई नाही, तोवर दुसऱ्या डॉक्टरांच्या सह्या चालतायत” असंही सांगितलं. तीन महिने दवाखाना बंद ठेवणं परवडेल का? घरचे म्हणतात, शिकायचंच असेल तर एमडी कर, हे कारखान्याचं सर्टिफिकेट कशाला? शिवाय एक पेशंट डोक्यातून जात नाही. वय 38, बारा वर्षं फेटलिंगला. खोकला, दम, वजन उतरलेलं. बेडका दोनदा निगेटिव्ह, तरी एक्स-रे बघून दोन वेळा टीबीची औषधं झाली, त्यातली एक खेप माझ्याकडे. आता परत दम घेऊन आलाय. असल्या गोष्टी त्या कोर्समध्ये शिकवतात का?’
— एक डॉक्टर, जिल्हा कोल्हापूर

डॉक्टर,

तुम्ही सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न शेवटी, जाता जाता विचारलाय. कोर्सचं नंतर बोलू. आधी त्या फेटलिंगवाल्याचं बघू.

फौंड्रीवाल्यांच्या गावात सहा वर्षं राहून तुम्हाला मोल्डिंग, कोअर, फेटलिंग हे शब्द तोंडपाठ झाले असतील. पण फेटलिंगच्या शेडमध्ये तुम्ही कधी उभ्या राहिला असाल, असं पत्रावरून वाटत नाही. वाळूच्या साच्यात ओतलेलं कास्टिंग निवलं की ते झोडून बाहेर काढतात. त्याला चिकटलेली, भाजून कडक झालेली वाळू आणि कडेला राहिलेलं जादा लोखंड ग्राइंडरवर घासून काढायचं, हे त्या माणसाचं काम. वाळू म्हणजे क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूप सिलिका. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ नाकात नि घशातच अडकते. घात करते ती न दिसणारी. ती थेट वायुकोशापर्यंत जाते, तिथल्या पेशींना मारते आणि मागे व्रण ठेवते. बारा वर्षं हे चाललं तर सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुफ्फुसाचा रोग, व्हायला तेवढा काळ पुरेसा आहे. मुख्य म्हणजे, काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो.

आता एक्स-रे. सिलिकोसिसचे बारीक गोल ठिपके दोन्ही बाजूंना, वरच्या भागात जास्त. टीबीही वरचा भागच आधी धरतो. बेडका निगेटिव्ह, एक्स-रे खराब, वजन उतरलेलं, म्हणून औषध सुरू. फरक पडत नाही, मग पुन्हा सुरू. जिथे जिथे दगडखाणी, क्रशर आणि फौंड्र्या आहेत तिथल्या दवाखान्यांत ही गोष्ट घडते, त्यामुळे तुम्ही स्वतःला फार बोल लावू नका. त्यात आणखी एक गुंता आहे. सिलिकोसिस झालेल्या माणसाला टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. म्हणून ‘टीबी नाही, सिलिकोसिस आहे’ असं एका झटक्यात ठरवून मोकळं होता येत नाही. बेडक्याची सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) करून घ्या, कल्चरला पाठवा. त्याच्या घरी ट्रंकेत असतील तेवढे सगळे जुने एक्स-रे मागवून तारखेनुसार लावा. औषधाआधीचा, औषधानंतरचा आणि आजचा असे शेजारी ठेवले की ठिपके औषधाला दाद देतायत का, ते कळतं. छातीच्या डॉक्टरांकडे पाठवताना चिठ्ठीवर ‘खोकला, दम’ एवढंच लिहू नका. ‘फेटलिंग, 12 वर्षं, त्याआधी कुठे काम’ हेही लिहा. शक्य असेल तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या प्रमाण फिल्म्सशी ताडून एक्स-रे वाचणाऱ्या कुणाला तरी तो दाखवा. त्या वर्गीकरणात ठिपक्यांचा आकार आणि दाटी ठरलेल्या पायऱ्यांवर लिहितात, त्यामुळे दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरने वाचलं तरी तुलना होते.

‘त्याआधी कुठे काम’ हा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारत नाही. बिडी-तंबाखू विचारतो, आणि सापडली की सगळं तिच्यावर ढकलतो. इटलीतले वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी सन 1700 मध्येच लिहून ठेवलं की रोग्याला त्याचा धंदाही विचारावा. आपल्या केसपेपरवर ‘व्यवसाय’ असा रकाना असतो, त्यात ‘नोकरी’ लिहून आपण पुढे जातो. नोकरी कुठल्या सेक्शनला, किती वर्षं, किती तासांची पाळी, जोडीला दुसरं काम काय, हे विचारायला दोन मिनिटं लागतात.

पुढची गोष्ट ऐकून कदाचित बसल्या जागी दचकाल. हा सिलिकोसिस निघाला, किंवा तसा तुमचा ठाम संशय असला, तर त्याची सरकारला खबर देणं तुमचं कायदेशीर काम आहे. कोर्स केलेल्या डॉक्टरचंच ते काम, असं नाही. आधीच्या कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 89 प्रमाणे तिसऱ्या अनुसूचीतला रोग झालेला कारखान्यातला कामगार कोणत्याही डॉक्टरकडे आला, तर त्या डॉक्टरने विनाविलंब मुख्य कारखाना निरीक्षकांना लेखी कळवायचं: पेशंटचं नाव-पत्ता, रोग, कारखान्याचं नाव-पत्ता. त्या यादीत 29 रोग आहेत आणि सिलिकोसिस त्यातलाच एक. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीबाबतची 2020 ची संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या अधिनियमाच्या जागी लागू झाली. तिच्यात कलमांचे आकडे बदलले, पण डॉक्टरवरचं हे बंधन कायम आहे. टीबीचा पेशंट सापडला की 2012 पासून खासगी डॉक्टरलाही नोंद करावी लागते, आणि आता आपण ती निक्षय या सरकारी पोर्टलवर सवयीने करतो. सिलिकोसिसची नोंद किती डॉक्टर करतात, हे तुमच्या तालुक्यातल्या चार मित्रांना फोन करून विचारा. मला उत्तराचा अंदाज आहे. महाराष्ट्रात हे पत्र औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जातं. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती आणि प्रत जपून ठेवा. पेशंटला आधी सांगा, कारण चौकशी आली की मुकादम आधी त्यालाच गाठणार.

आता कोर्सचं.

एएफआयएच म्हणजे असोसिएट फेलो ऑफ इंडस्ट्रियल हेल्थ. नाव भारदस्त आहे, पण आहे ती तोंडओळख. एमबीबीएसनंतर तीन महिने पूर्णवेळ. केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या संस्थांमध्ये तो चालतो. आपल्याला सर्वांत सोयीची म्हणजे मुंबईत सायनची सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट. चेन्नई, कोलकाता, कानपूर आणि फरिदाबाद इथे प्रादेशिक श्रम संस्था आहेत. अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, आणि धुळीच्या रोगांवर तिथे वर्षानुवर्षं काम झालंय. धूळ, आवाज, उष्णता, रसायनं यांचे रोग. धूळ, आवाज, उष्णता मोजायची कशी. विषशास्त्र, अर्गोनॉमिक्स (काम माणसाच्या शरीराला जुळवून घेण्याचं शास्त्र), कायदे, अपघात आणि आणीबाणीची तयारी, शिवाय कारखान्यांच्या भेटी, असा साधारण अभ्यास. सायनला गेलात तर तिथलं सुरक्षेचं कायमचं प्रदर्शन सवडीने बघा. शाळेच्या सहली येतात म्हणून डॉक्टर मंडळी तिकडे फिरकत नाहीत. पण यंत्राला गार्ड कसं असतं, धूळ ओढणारा हूड कसा असतो, हे चित्रापेक्षा तिथे लवकर कळतं.

पीएसएमच्या, म्हणजे सामाजिक आरोग्याच्या तासांना आपण हे सगळं दोन-चार लेक्चरांत उरकलेलं असतं आणि परीक्षेत ‘न्यूमोकोनिओसिसवर (धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या रोगांवर) टीप लिहा’ एवढ्यावर भागलेलं असतं. कोर्सने तुम्ही तज्ज्ञ होणार नाही. पण प्रश्न कुठले विचारायचे आणि मोजमाप कुणाकडून करून घ्यायचं, हे कळेल. माझ्या मते तुमच्यासारख्या, औद्योगिक वसाहतीच्या दारात बसलेल्या डॉक्टरला त्याचा उपयोग कारखान्याच्या नोकरीपेक्षा स्वतःच्या ओपीडीतच जास्त होईल. म्हणून माझं उत्तर सरळ आहे: करा. मालकांनी नोकरी दिली नाही तरी करा.

एमडीचं म्हणाल तर तो निराळा रस्ता. नीट द्या, तीन वर्षं द्या, मग कम्युनिटी मेडिसिनमधून याच विषयाकडे वळता येतं. घरच्यांना सांगा की एक दुसऱ्याच्या आड येत नाही. मात्र जाहिरातीत दिसणाऱ्या आठवड्याभराच्या ऑनलाइन सर्टिफिकेटच्या नादी लागू नका. ऐकायला हरकत नाही, पण धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यातल्या मेडिकल ऑफिसरसाठी नियमांना मान्यताप्राप्त, किमान तीन महिन्यांचं प्रशिक्षण अभिप्रेत आहे. आणि फौंड्री ही धोकादायक प्रक्रियांच्या यादीत नाव घेऊन आहे, त्यामुळे ‘आमचा कारखाना त्यात येत नाही’ हे तुम्हाला कोणी सांगू नये.

दवाखाना बंद ठेवण्याचा तोटा खराच आहे, तो मी गोड बोलून लहान करणार नाही. जीपीचा पेशंट तीन महिने वाट बघत नाही. ओळखीचा कुणी नव्याने पास झालेला, पीजीची तयारी करणारा डॉक्टर संध्याकाळी बसवता आला तर निम्मं गणित सुटतं. पावसाळ्यात, सर्दी-तापाच्या ऐन दिवसांत जाऊ नका. मालकांना ‘कोर्सची फी आणि मुंबईतल्या राहण्याचा खर्च कारखान्याने द्यावा’ असं विचारायला अजिबात लाजू नका. गरज त्यांचीही आहे. फक्त त्या बदल्यात पाच वर्षांचा बाँड पुढे आला तर नको म्हणा, स्वतःच्या पैशाने जा.

आणि तो दुसरा डॉक्टर, ज्याच्या सह्या ‘चालतायत’. त्याच्याबद्दल मी काही बोलत नाही. पण कॅम्प कसे होतात, ते मला माहीत आहे. सकाळी गाडी येते, संध्याकाळपर्यंत दीडशे माणसांचं रक्त, बीपी, स्पायरोमेट्री, कानाची तपासणी उरकते, आणि आठवड्याने दीडशे अहवाल येतात, सगळ्यांवर ‘विशेष काही नाही’. स्पायरोमेट्रीत माणसाला जीव तोडून फुंकायला लावावं लागतं, नीट जमलेल्या तीन फुंका मिळाव्या लागतात. त्याआधी यंत्र तीन लिटरच्या सिरिंजने तपासावं लागतं. कॅम्पच्या गाडीवाल्याला ती सिरिंज दाखवायला सांगा, बघा काय होतं. कानाची तपासणी पाळी संपल्यावर, तीही शॉटब्लास्टिंगच्या, म्हणजे लोखंडी छर्रे मारून कास्टिंग साफ करायच्या खोलीच्या भिंतीमागे केली तर येणारा आलेख कशाचा, ते देव जाणे. ती सुट्टीनंतर, पाळी सुरू होण्याआधी, शांत खोलीत करायची. 4000 हर्ट्झला खड्डा पडलाय का, ते बघायचं. आवाजाने गेलेला कान तिथून सुरू होतो, आणि बोलणं ऐकू येत असल्यामुळे माणसाला स्वतःला पत्ताही नसतो.

म्हणून पहिला फॉर्म समोर आला की पेन खाली ठेवा आणि शेडमध्ये जा. कोर्सच्या आधीही जाता येतं, मालकांना म्हणा, ‘कामाची जागा बघितल्याशिवाय मी ठरवणार नाही.’ सेफ्टी शूज आपल्या मापाचे आधीच विकत घ्या. पाहुण्यांसाठी ठेवलेले बूट पुरुषांच्या मापाचे असतात आणि त्यात चालणाऱ्या बाईकडे कोणी गांभीर्याने बघत नाही. ऑफिसातून चक्कर मारून आणतील ती पुरेशी नाही. ओतकामाच्या वेळेला जा, आणि पाळी सुटण्याच्या वेळेला पुन्हा एकदा जा.

पाळी सुटताना काय दिसेल, ते सांगते. लोक हवेचा पाईप घेतात आणि एकमेकांच्या अंगावरची धूळ उडवतात. डोक्यावरून, शर्टावरून, पँटवरून. फस्स आवाज, धुळीचा लोट, आणि सगळे हसत. दिवसभर यंत्राजवळ बसलेली बारीक धूळ त्या मिनिटात पुन्हा उडते आणि थेट नाकाखाली येते. कोणी विचारलं तर सांगतील, ‘बाई, तसंच घरला गेलं तर बायको दारातच उभं करती.’ त्यांचं खरं आहे. उपाय आहे तो नळ, साबण, दोन जोड कपडे आणि कपडे बदलायची खोली. कॉम्प्रेसरच्या हवेपेक्षा ते स्वस्त पडतं, हे मालकांना पटवणं तुमचं काम. सेक्शन झाडताना बघा. कोरडा खराटा मारत असतील तर आधी पाणी मारायला सांगा, किंवा व्हॅक्यूम.

ग्राइंडरवाल्याच्या तोंडावर काय आहे? बहुतेक वेळा रुमाल. रुमालाने सिलिका अडत नाही. नऊ-चार-सात-तीन या भारतीय मानकाचा, चांगल्या दर्जाचा मास्क हवा, आणि तो दाढीवर नीट बसत नाही. पण मास्कवरच थांबू नका. मास्क हा शेवटचा उपाय. त्याआधी धूळ जिथे उठते तिथेच ओढून घेणारा हूड आणि डक्ट, ओलं काम, धुळीचं काम बाकीच्यांपासून वेगळं, या पायऱ्या येतात. हूड असेल तर त्यापुढे कागदाचा कपटा धरून बघा. ओढला जात नसेल तर पंखा फक्त आवाजापुरता आहे.

कोअर शॉपमध्ये, म्हणजे कास्टिंगच्या आतल्या पोकळीसाठी वाळूचे गाभे बनवतात तिथे, थांबा. काही फौंड्र्यांत रेझिनचा कोअर अमाइनच्या वाफेने घट्ट करतात. तिथला पोरगा म्हणाला की ‘संध्याकाळी दिव्याभोवती गोल कडं दिसतं, धुकं पडल्यागत वाटतं,’ तर चष्म्याचा नंबर काढायला पाठवू नका. ट्रायएथिल अमाइनच्या वाफेने बुबुळावर सूज येते, आणि सुट्टीच्या दिवशी नजर साफ होते. हा धागा सगळीकडे धरता येतो: सुट्टीला बरं वाटतं का? पुस्तकात सुताच्या धुळीच्या आजारासाठी ‘सोमवारी छाती आवळते’ असं वाचाल. ते रविवारच्या सुट्टीचं. भोसरी-चिंचवडकडे औद्योगिक सुट्टी गुरुवारी, म्हणजे तिथली छाती शुक्रवारी आवळणार. तेव्हा आधी कारखान्याची सुट्टी विचारा.

मोजमापाचे अहवाल मागा. धूळ, आवाज आणि उष्णता कुणी, कधी, कुठे मोजली? यंत्र खांबाला टांगलं होतं की माणसाच्या छातीवर? खांबाला श्वास नसतो. सिलिकाच्या मर्यादेचं आपलं सूत्र असं: 10 भागिले श्वसनयोग्य धुळीतल्या क्वार्ट्झचे टक्के अधिक 2, उत्तर मिलिग्रॅम प्रति घनमीटर. क्वार्ट्झ 18 टक्के निघालं तर मर्यादा अर्धा मिलिग्रॅम धूळ, म्हणजे त्यात निव्वळ सिलिका 0.09 मिलिग्रॅम. अमेरिकेने 2016 मध्ये आठ तासांसाठी 0.05 ठरवली. तेव्हा ‘सगळं मर्यादेत आहे’ असं अहवालात वाचून निर्धास्त होऊ नका. आवाजाचं सोपं आहे: 90 डेसिबलला आठ तास, 95 ला चार, 100 ला दोन. फेटलिंगला बारा-बारा तासांच्या पाळ्या चालत असतील तर हिशोब तुम्हीच मांडा.

आणि कारखान्याच्या ड्रेसरशी, म्हणजे मलमपट्टी करणाऱ्याशी, मैत्री करा. तुम्ही आठवड्यातून दोनदा येणार, तो रोज असतो. त्याचं ड्रेसिंगचं रजिस्टर वर्षभराचं चाळा. ‘डोळ्यात कण’ अशा नोंदी एकाच सेक्शनच्या, एकाच पाळीच्या सापडल्या तर गॉगलचं काय झालं, ते तिथे जाऊन बघता येतं. रजिस्टरमध्ये नसलेले डोळेही असतात. प्रत्येक शेडमध्ये एक हुशार असतो, जो आगकाडीच्या टोकाने कण काढून देतो. त्याला शोधा, पण रागवू नका. त्याला ट्यूबलाइटखाली बसवून पाण्याने डोळा धुवायला शिकवा.

आता मालकांशी काय बोलायचं. तोंडी काही नको, नेमणुकीचं पत्र हवं. त्यात शेडमध्ये कधीही जाण्याची मुभा, मोजमापाच्या अहवालांची प्रत, आणि तपासणीत ठेकेदाराचे कामगारही, एवढं तरी हवंच. हे तिसरं फार महत्त्वाचं आहे. फेटलिंगला बहुतेक ठेक्यावरची माणसं असतात, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची. सगळ्यात जास्त धूळ त्यांच्या वाट्याला, आणि तपासणीच्या यादीत नाव नेमकं त्यांचंच नाही. दोन-तीन वर्षांनी ती गावी जातात आणि त्यांचा खोकला तिकडच्या डॉक्टरच्या केसपेपरवर जातो. धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराची तपासणी काम देण्याआधी, मग दर बारा महिन्यांनी, आणि ते काम सोडल्यानंतरही व्हायला हवी, असं कारखाने अधिनियमात 1987 च्या दुरुस्तीने घातलं. ते कलम आलं भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर. भेटींचं प्रमाणही ठरलेलं होतं: 51 ते 200 कामगारांच्या अशा कारखान्याला अर्धवेळ डॉक्टर, आठवड्यातून किमान दोन भेटी. म्हणजे तुमचे मालक भेटी तरी नियमाप्रमाणेच सांगतायत. नव्या संहितेखालचा चालू आकडा संचालनालयाच्या कार्यालयात विचारून पत्रात तोच घाला.

कागदपत्रांचं कुलूप तुमच्याकडे हवं. मालकांना, एचआरला, सेफ्टी ऑफिसरला कळवायचं ते इतकंच: या कामासाठी योग्य, अयोग्य, किंवा अमुक अटींवर योग्य. निदान नाही, रक्ताचे आकडे नाहीत. व्यावसायिक आरोग्याच्या डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता हेच सांगते. ‘जरा एचआयव्हीपण करून टाका’ असं कुणी म्हणालं तर 2017 च्या कायद्याने नोकरीसाठी ती सक्ती करता येत नाही, हे ठणकावून सांगा. कामगाराला मात्र त्याचा अहवाल हातात द्या, आणि त्याच्या भाषेत समजावून द्या. तो त्याचा हक्क आहे.

मालक वाईट असतीलच, असं मी धरून चालत नाही. पुष्कळांना खरंच माहीत नसतं की त्यांच्या शेडमधला धोका कुठे आहे. हूड बसवल्यावर स्वतः फोन करून ‘बाई, बघायला या’ म्हणणारे मालकही असतात. पण पगार त्यांच्याकडून आणि पेशंट कामगार, हा पेच तुम्हाला कोर्समध्ये कोणी सोडवून देणार नाही.

तो सगळ्यात जास्त टोचतो ‘अयोग्य’ लिहिताना. तुम्ही फेटलिंगच्या माणसाला अयोग्य लिहिलंत की ठेकेदार दुसऱ्या दिवशी त्याला घरी बसवतो, आणि मग पुढच्या तपासणीला सगळे ‘काय त्रास नाही बाई, एकदम झकास’ म्हणतात. म्हणून फॉर्मवर नुसतं ‘अयोग्य’ कधी लिहू नका. ‘धुळीच्या कामासाठी अयोग्य, पॅकिंग किंवा स्टोअरच्या कामासाठी योग्य’ असं लिहा, आणि सही करण्याआधी ती जागा खरंच रिकामी आहे का, ते मालकांशी बोलून ठरवा. ठेक्यावरच्या माणसासाठी हे जड जातं, पण अशक्य नसतं. त्याचा ईएसआयचा, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचा, नंबर आहे का, ते त्याच दिवशी बघा. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेला, योजनेच्या कक्षेतल्या कारखान्यातला कामगार त्यात येतो, आणि सिलिकोसिस हा त्यांच्या यादीतला व्यावसायिक रोग असल्याने कामावरच्या दुखापतीसारखे लाभ मिळू शकतात. त्यासाठी त्यांच्या वैद्यकीय मंडळासमोर जावं लागतं, आणि तिथे उपयोगी पडतो तो कामाचा पूर्ण इतिहास: कुठे, कुठल्या सेक्शनला, कधीपासून कधीपर्यंत, हजेरीच्या किंवा पगाराच्या चिठ्ठ्यांसह. ठेकेदार बदलला की त्या चिठ्ठ्या हरवतात. तेव्हा पहिल्याच तपासणीत मोबाईलवर त्यांचे फोटो काढून फाइलला लावून टाका.